खंडेनवमीला पुजलेली काठी

रुइफेंगला खोली द्यायची नाही, असं मी पहिल्या पाच मिनिटांतच ठरवलं होतं.

आमचा मुलगा रुचिर शिकायला मेलबर्नला गेला आणि सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमधली त्याची खोली रिकामी पडली. ती भाड्याने द्यावी ही कल्पना शैलेंद्रची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. तो चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या बॅक ऑफिसात मॅनेजर आहे आणि माणसं पारखायची वेळ आली की ते काम माझ्यावर ढकलतो. मला हवी होती एखादी मराठी मुलगी, पोस्टडॉक वगैरे करणारी, वरणभात खाऊन वेळेवर झोपणारी. दारात उभा राहिला हा वीस वर्षांचा चिनी मुलगा. काटकुळा, पांढरा शर्ट, काळी पँट, आणि हातात त्याच्या छातीपर्यंत येणारी एक अरुंद काळी पेटी.

"काम काय करतोस?" मी इंग्रजीत विचारलं.

"स्नूकर."

"ते काम आहे?"

त्याने प्रश्नाचा नीट विचार केला. "हो, आंटी. रोज आठ तास."

चौदा वर्षांपूर्वी आम्ही सिंगापूरला आलो तेव्हा घरांच्या जाहिरातींत स्वच्छ लिहिलेलं असायचं, भारतीय नकोत, चीनहून आलेले नकोत. सात घरमालकांनी आम्हाला फोनवरच वाटेला लावलं होतं. त्या सातांच्या नावाने मी पुढे किती वर्षं बोटं मोडली! आणि आता डुक्कर शिजवणार का, मित्र आणणार का, असं या पोराला मीच दारात उभं करून विचारत होते. तो प्रत्येक प्रश्नाला नाही नाही करत राहिला. शेवटी म्हणाला की याआधी पाच घरांनी त्याला नकार दिलाय, सहावा मिळाला तरी त्याला राग येणार नाही. मला माझीच लाज वाटली आणि त्या लाजेच्या भरात मी हो म्हणून बसले.

त्याची हकिगत मला हळूहळू कळली, बहुतेक जेवताना. आनह्वी प्रांतातलं लहानसं गाव. वडील आणि काका फरशा बसवण्याची कामं घेतात. आठव्या वर्षी वडील त्याला गावातल्या स्नूकरच्या हॉलमध्ये घेऊन गेले आणि टेबलाशी हात पोचावा म्हणून पायाखाली विटा ठेवल्या. अकराव्या वर्षी शाळा सुटली. दक्षिणेत एका अकादमीत दोनशे मुलांबरोबर तो दिवसाचे दहा तास खेळायचा. सतराव्या वर्षी त्याला कार्ड मिळालं.

हे कार्ड काय ते मला शैलेंद्रने समजावलं. व्यावसायिक खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धांत उतरायचं तर ते लागतं. ते दोन वर्षांचं असतं. तेवढ्यात पुरेसे सामने जिंकलात तर पुढे चालू राहतं, नाहीतर जातं आणि पुन्हा पहिल्यापासून पात्रता सिद्ध करावी लागते. रुइफेंग कार्ड घेऊन इंग्लंडला गेला. शेफील्डमध्ये एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहिला. भाषा येत नव्हती, थंडी सोसत नव्हती, आणि समोर त्याच्या वयाइतकी वर्षं नुसतं खेळण्यात घालवलेली माणसं. दोन वर्षांत सात सामने जिंकला. ते सात त्याला आठवत नसत. हरलेले मात्र शॉटसकट पाठ होते. एकोणिसाव्या वर्षी कार्ड गेलं.

मग सेम्बावांगच्या एका क्लबचे मालक मिस्टर तेओ यांनी त्याला वर्क पासवर इथे आणलं. सकाळी क्लबमध्ये येणाऱ्या मुलांना शिकवायचं, उरलेल्या वेळात स्वतःचा सराव. ऑक्टोबरात बँकॉकला आशियातल्या खेळाडूंची पात्रता फेरी होती. तिथे कार्ड परत मिळालं तर ठीक, नाहीतर गावी येऊन काकाच्या हाताखाली फरशा बसवायच्या, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही. "माझे वडील एक गोष्ट दोनदा सांगत नाहीत," असं रुइफेंग म्हणाला, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

मी त्याला रुई म्हणायला लागले. भाड्यात जेवण धरलेलं नव्हतं, पण एकदा चकोल्या केल्या होत्या आणि तो स्वयंपाकघराच्या दारात थबकला. आमटीत शिजलेल्या कणकेच्या चौकोनी वड्या बघून म्हणाला, "माझी आजी अशाच करते." चॉपस्टिक्सनी तो तीन वाट्या चकोल्या खाऊन उठला. त्यानंतर दर शनिवारी चकोल्या. शैलेंद्र म्हणाला, "लोक मारुतीला रुई वाहतात, तू रुईला नैवेद्य दाखवतेस." मी म्हटलं, तुला जळायचं तर जळ.

काठीला मात्र तो कुणाला हात लावू देत नसे. अकराव्या वर्षापासूनची होती. संध्याकाळी आला की कोरड्या फडक्याने पुसायचा आणि पेटी पलंगावर भिंतीच्या बाजूला ठेवून स्वतः कडेला झोपायचा. मी ती लांबूनच पाहिली होती. शैलेंद्र म्हणे, काठी नाही, क्यू म्हणतात. मी म्हटलं, लाकडाची आहे ना, मग काठीच.

आता माझ्या वडिलांबद्दल, दादांबद्दल, सांगायला हवं. ते पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं बाहेर निघत. पाने, कानशी, हातोड्या, पकडी. दादा ती आधी रॉकेलने धूत, मग फडक्याने तेल लावत, मग पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडूची फुलं. "ज्याच्यावर पोट आहे त्याला वर्षातून एकदा तरी पोटभर तेल मिळालं पाहिजे," असं म्हणत. मी सिंगापुरातही हे सोडलं नाही. शैलेंद्रचा लॅपटॉप, माझं शिलाई मशीन, स्क्रूड्रायव्हरचा संच, विळी, सगळं पाटावर मांडते. लॅपटॉपला तेल लावत नाही इतकी अक्कल आहे मला. निदान त्या वर्षापर्यंत मी असं समजत होते.

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी होती. शनिवारी दसरा, त्याच दिवशी रुईचं बँकॉकचं विमान, आणि रविवारी सामने. दसऱ्याला सीमोल्लंघन, याहून चांगला मुहूर्त शोधून सापडला नसता. मी त्याला गुरुवारीच सगळं समजावलं. आम्ही उद्या आमच्या कामाच्या वस्तूंची पूजा करतो, तुझी काठी ठेवू का?

त्याचा चेहरा खुलला. "कॅन, आंटी. थँक यू."

शुक्रवारी सकाळी त्याने स्वतः पेटी आणून पाटावर ठेवली, हात जोडले आणि रोजच्यासारखा बेडोकच्या तलावावर पळायला गेला. पेटी उघडू नका असं तो म्हणाला नाही. त्याच्या डोक्यात तरी कसं यावं? त्याच्या लेखी पेटीवर फूल ठेवलं की पूजा झाली.

माझ्या लेखी नाही. बंद पेटीची कसली पूजा? मी खटके उघडले. आत मखमलीत काठीचे एकमेकांत जोडायचे दोन तुकडे होते, फिकट, गुळगुळीत, एका टोकाला काळसर. दुसऱ्या टोकाला बोटाच्या पेराहून लहान चामड्याची गोल चकती, वाळून टाचेसारखी खरखरीत झालेली आणि तिच्यावर निळ्या भुकटीचा थर. मला वाटलं, लहानपणापासून घराबाहेर राहिलेलं पोर, याला कोण सांगणार हत्यार कसं सांभाळायचं? माझे हात शिवशिवायला लागले.

ओल्या फडक्याने मी ती निळी घाण काढली. कापसाच्या बोळ्याने खोबरेल तेल दोन्ही तुकड्यांना लावलं, दादा कानशीच्या मुठीला लावायचे तसं, जिरेपर्यंत. चामड्यावर वेगळे दोन-तीन थेंब सोडून बोटाने दाबले. ते त्याने चटकन पिऊन टाकले, तेव्हा आणखी दोन सोडले. खरं सांगते, मला फार समाधान वाटलं. मग हळदकुंकू, झेंडू, उदबत्ती.

रुई आला तो घामाने निथळत. पाटासमोर थांबला. मला वाटलं भारावलाय, म्हणून मी हौसेने सांगत सुटले, माझ्या वडिलांची पद्धत आहे ही, सगळं साफ करून तेल दिलंय. तो खाली बसला, काठीचं टोक उचललं आणि अंगठ्याने चामडं चाचपलं. मग अंगठा बघितला.

"तेल?"

"खोबरेल. शुद्ध."

"ब्यूटिफुल, आंटी," तो म्हणाला. प्रसादाचा शिरा उभ्यानेच खाल्ला, आंघोळ न करता शर्ट बदलला आणि पेटी घेऊन क्लबला गेला. त्या दिवशी तो जेवायला आला नाही. उद्या जायचंय, सराव करत असेल, असं मी धरून चालले.

शनिवारी निघताना मी त्याच्या हातावर सोनं ठेवलं. इथे आपटा मिळत नाही, ब्लॉकखाली कांचनाचं झाड आहे, त्याची पानं आपट्यासारखीच दुभंगलेली असतात, मी तीच वापरते. हे आम्ही सोनं म्हणून देतो, जिंकून ये, असं मी म्हटलं. त्याने ते पान दोन्ही हातांनी घेतलं आणि वाकला. पेटीच्या कप्प्यात जपून ठेवलं. सगळं कळलेलं असताना त्याने ते घेतलं, हे आठवलं की मला आजही जेवण जात नाही.

रविवारी सकाळचा सामना तो जिंकल्याचं शैलेंद्रने फोनवर शोधून काढलं. दुपारचा जिंकला की कार्ड हातात. तीन वाजता आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. इंटरनेटवरून दाखवत होते, इंग्रजी समालोचन होतं. चार फ्रेम, म्हणजे डाव, आधी जिंकणारा विजयी. रुई काळ्या जाकिटात इतका पोरगेला दिसत होता की मला त्याला हाक मारावीशी वाटली. तो दर शॉटआधी काठीच्या टोकाला निळा खडू लावत होता, लावून बघत होता, पुन्हा लावत होता.

तीन-तीन अशी बरोबरी झाली. शेवटच्या फ्रेममध्ये तो पुढे होता, टेबलावर मोजके बॉल उरले होते, आणि गुलाबी बॉल पॉकेटच्या तोंडाशी होता. शैलेंद्र म्हणाला, हा गेला की संपलं. रुई वाकला. काठी पुढे गेली आणि एक पोकळ, खरचटल्यासारखा आवाज आला. पांढरा बॉल भलतीकडेच गेला. दुसऱ्या खेळाडूने उरलेले सगळे बॉल शांतपणे घातले. रुई खुर्चीत बसून काठीच्या टोकाकडे बघत होता.

समालोचक म्हणाला, "टिप नवीन आहे त्याची, बघा, अजून बसलेली नाही. इतक्या मोठ्या सामन्याच्या तोंडावर कोणी टिप बदलतं का? नवीन चामडं हाताला लागायला आठवडे जातात."

"टिप म्हणजे काय?" मी विचारलं.

शैलेंद्रने फोनवर शोधलं. वाचता वाचता त्याने फोन माझ्यापासून लांब धरला. मी फोन हिसकावून घेतला. काठीच्या टोकाची चामड्याची चकती. तिच्यावर खडू धरला तरच बॉलवर पकड बसते. आणि खाली ठळक अक्षरांत: तेल कधीही लागू देऊ नका, तेल लागलेली टिप फेकून द्यावी लागते.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. मला हसू कुठून येणार? बारा वर्षं त्या पोराने जे जमवलं होतं, ते मी पाच थेंबांत घालवलं होतं. शैलेंद्र म्हणाला, तुला काय माहीत होतं, त्याने तरी सांगायचं. मी त्याच्यावर ओरडले. मेलबर्नहून रुचिरने ऐकलं आणि त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "आई, यू शुड जस्ट टेल हिम सॉरी, लाह." या मुलांना सगळं इतकं सोपं वाटतं.

सोमवारी रुई आला. मी चकोल्या करून ठेवल्या होत्या. वाक्य इंग्रजीत पाठ केलं होतं. तो जेवायला बसला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "टेबल फार फास्ट होतं, आंटी. मला अंदाज आला नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. तो वाटीत बघत होता. "असं होय?" मी म्हटलं. "मग काय करणार." त्याने दिलेलं खोटं मी हात पुढे करून घेतलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. याचीच मला सगळ्यात जास्त शरम आहे.

दोन दिवस ती सुटका टिकली. बुधवारी मी एकटी सेम्बावांगला गेले. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, बारा टेबलं, प्रत्येकावर दिवा. मिस्टर तेओ साठीचे, गळ्यात चष्मा अडकवलेले. मी घरमालकीण म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. रुईला आणखी एक वर्ष ठेवा, पुढच्या पात्रता फेरीला बसू द्या, एवढं मला मागायचं होतं, आणि त्यासाठी खरं काय घडलं ते सांगायचं होतं.

"ठेवणार होतो," तेओ म्हणाले. "हरला म्हणून मी कुणाला काढत नाही. वडिलांशीही मी बोललो असतो. पण शुक्रवारी हा इथे तेलात बुडालेली क्यू घेऊन आला. म्हणे बॅगेत स्वयंपाकाच्या तेलाची बाटली फुटली. स्पर्धेच्या दोन दिवस आधी क्यूच्या बॅगेत तेल ठेवतो? मी स्वतः टिप बदलून दिली, पण मनातून उतरला तो. ज्याला आपली क्यू सांभाळता येत नाही त्याच्यावर मी वर्ष का घालवू? डिसेंबरात पास संपतो. पुढे करणार नाही."

तिथे एका वाक्याचं काम होतं. तेल मी लावलं. भाजीवाल्याशी, बँकेशी, एस्टेटच्या ऑफिसशी, शैलेंद्रच्या बॉसच्या बायकोशीसुद्धा भांडलेली बाई मी. आजवर कुणाचं ऐकून घेतलं नाही. त्या दिवशी माझी दातखीळ बसली. एका परक्या माणसासमोर, बारा टेबलांच्या उजेडात, आपण अडाणी ठरू याची भीती वाटली, दुसरं काही नाही. मी चहा संपवला, "पोरंच ती," असं काहीतरी पुटपुटले आणि उठले. एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसल्यावर वाटलं, परत जावं. प्रत्येक स्टेशनला वाटलं. टॅम्पिनीस आलं तेव्हा उतरले आणि घरी गेले.

रुई डिसेंबरची वाट न बघता नोव्हेंबरातच गेला. खोली झाडून, पुसून, चादरीची घडी घालून गेला. पेटी कुठे, असं मी विचारलं. "क्लबमध्ये ठेवली. तिथल्या मुलांना लागेल." लिफ्टपाशी त्याने वाकून नमस्कार केला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तेवढ्यात लिफ्ट आली.

यंदा खंडेनवमीला मी पाट मांडला नाही. शैलेंद्रने सकाळी लॅपटॉपला स्वतःच कुंकू लावलं आणि मला काही न विचारता ऑफिसला गेला. दुपारी फोन वाजला. अकरा महिन्यांनी रुईचा मेसेज होता. एक फोटो. फरशी कापायचं हातमशीन, दोन लोखंडी दांड्यांवर सरकणारं, त्याच्या मुठीवर लाल मार्करने काढलेला गोल ठिपका आणि पुढे एक पिवळं फूल. फोटोच्या कडेला त्याचा अंगठा आला होता, नखात सिमेंट भरलेलं. खाली लिहिलं होतं: "आंटी, आज पूजा ना? याला तेल चालतं."

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि रडले. मग सगळं लिहून काढलं. तेल मी लावलं, मला माहीत नव्हतं, पण माहीत झाल्यावरही मी तुझ्यापाशी बोलले नाही, तेओंकडे गेले आणि तिथेही बोलले नाही, तुझं वर्ष तिथे वाचलं असतं. पाठवून दिलं आणि फोन उलटा ठेवला.

थोड्या वेळाने उत्तर आलं. "मला माहीत आहे. तेओंनी सांगितलं होतं, आंटी चहा पिऊन गेल्या." त्याखाली आणखी एक ओळ: "तेल कुठे कुठे घालू?"

मी फोटो मोठा करून नीट बघितला. दादांच्या हाताखाली असं दांड्यांवर सरकणारं मशीन मी पाहिलेलं होतं. डोळे पुसले आणि लिहिलं: दोन्ही दांड्यांना हलकं लाव आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घे. फरशीला मात्र थेंबभरही लागू देऊ नकोस, मग सिमेंट धरत नाही.